ह्यो निजतो कुठं?

आमच्या घरी आजी आली आणि मासे आले, ते एकाच महिन्यात. आजी आधी, मासे नंतर.

गेल्या श्रावणात आजोबा गेले. खानापूर तालुक्यातलं आमचं गावचं घर मोठं, पण आता त्यात राहायला आजी एकटीच. तिकडचा पाऊस म्हणजे एकदा सुरू झाला की दोन-दोन दिवस लाईट नाही. बाबांनी ठरवलं की तिला एकटीला ठेवायचं नाही. म्हैस विकली, कोंबड्या शेजारी दिल्या, घराला कुलूप घातलं. दसरा झाला आणि आजी एक पत्र्याची ट्रंक घेऊन बेळगावात, आमच्या टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये आली.

फ्लॅटमध्ये खोल्या दोन. एकीत आई-बाबा, दुसरीत मी आणि माझी धाकटी बहीण. तिला आम्ही छोटीच म्हणतो. आजीची कॉट हॉलमध्ये टाकली, टीव्हीच्या बाजूला. "हॉलमध्ये माणसं येतात-जातात, तिला करमेल," असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच.

दिवाळीच्या तोंडावर खालच्या मजल्यावरचे काका बदली होऊन गेले. जाताना त्यांचा रिकामा टँक आम्हाला देऊन गेले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. पासष्ट-सत्तर लिटर पाणी मावेल एवढा. प्लगपॉइंट आजीच्या कॉटच्या पायथ्याशी होता, म्हणून टँकही तिथंच बसला. आई म्हणाली, "तेवढंच आजींना बघायला होईल."

मी आणि छोटी त्याच संध्याकाळी मासे आणायला गेलो. बाजारातल्या एका दुकानात जेमतेम वीस मिनिटं होतो. काय घेतलं ते सांगतो, म्हणजे जाणकार असाल तर आत्ताच कपाळावर हात माराल. दोन गोल्डफिश, कारण छोटीला केशरी रंग हवा होता. चार टायगर बार्ब, अंगावर काळे पट्टे म्हणून. एक लाल फायटर, त्याची शेपटी रेशमी ओढणीसारखी म्हणून. दोन एंजल, ऐटबाज दिसतात म्हणून. पाच निऑन टेट्रा, चमकतात म्हणून. आणि काच साफ करायला एक सकर. मी विचारलं, "सगळे एकत्र राहतील ना?" दुकानदार म्हणाला, "राहतात की. सगळेच नेतात." सोबत रंगीत खडे आणि एक प्लास्टिकचा किल्ला घेतला. रात्री आठला पाणी भरलं, साडेआठला मासे सोडले. नळाचं पाणी, त्यात क्लोरीन घालवायचे थेंब. झालं अ‍ॅक्वेरियम!

टँकचा निळा लाईट इतका सुंदर पडायचा की बारा वाजेपर्यंत आम्ही तो बंदच करायचो नाही. पाहुणे यायचे, आजीच्या कॉटवर टेकायचे, कुंदा खायचे आणि "वा!" म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत हॉलमध्ये आलो तर आजी काचेजवळ बसलेली. म्हणाली, "ह्यो लाल शेपटीवाला रातभर त्या कोपऱ्यात हुता बघ. ते पट्ट्याचे चौघं त्याची शेपटी कुरतडायलेत."

मी म्हटलं, "खेळत असतील गं."

"खेळत न्हाईत. मी बघायलोय की."

आमच्याकडं बायकाही 'बघायलोय' म्हणतात, त्यामुळे आजीच्या बोलण्यात मला वेगळं काही वाटलं नाही. तिनं सांगितलेल्या गोष्टीकडंही मी लक्ष दिलं नाही. चार दिवसांत फायटरच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. आठवड्यानं मोजले तर निऑन तीनच. मेलेले दोन कुठं दिसेनात. आजी शांतपणे म्हणाली, "त्या उंच्यानं खाल्ले. पहाटे खाल्ले. तू झोपला हुतास." उंचा म्हणजे एंजल. दहाव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. पाणी जरासं दुधाळ दिसायला लागलं. बाराव्या दिवशी सकाळी फायटर, राहिलेले तिन्ही निऑन आणि एक एंजल तळाशी आडवे. छोटी रडून रडून शाळेला गेली नाही. आम्ही पाचही मासे जास्वंदीच्या कुंडीत पुरले. आई एवढंच म्हणाली, "जिवाशी खेळ कशाला केला रे?"

ते वाक्य मला लागलं. मी बी.एस्सी.चा विद्यार्थी. केमिस्ट्री विषय आहे माझा. आणि ज्या पाण्यात जीव सोडले, त्या पाण्यात काय आहे हे मी एकदाही तपासलं नव्हतं.

मग सुरू झाला अभ्यास. परीक्षेसाठी केला नव्हता तेवढा केला. आधी कळलं ते पाण्यात काय बिघडलं. मासे जी घाण टाकतात आणि जे अन्न उरतं, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया माशांना विष आहे. टँक जुना झाला की फिल्टरमध्ये आणि खड्यांवर जिवाणू वाढतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी, आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. मी त्यांना अर्धा तास दिला होता.

दुसरी गोष्ट माशांची. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा. वीस अंशांच्या आसपास तो खूश. फायटरला पंचवीसच्या वर लागतं. म्हणजे एकाला बरं वाटेल असं पाणी केलं की दुसऱ्याला त्रास. गोल्डफिश घाणही खूप करतो आणि वाढतोही बराच. दोन फुटांच्या टँकमध्ये त्याचं काम नाही. टायगर बार्ब हा टोळीनं राहणारा. आठ-दहा असले तर आपापसात भांडणं उरकतात, चारच असले की शेजारच्या लांब शेपट्यांवर दात काढतात. एंजल ॲमेझॉनचा आणि निऑनही तिकडचाच, पण एंजल मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो, आणि माशांचा नियम साधा आहे: तोंडात मावलं की खाऊ. सकर तर फूटभराहून मोठा होतो. दुकानात तो बोटाएवढा असतो, म्हणून कुणी विचारत नाही.

म्हणजे त्या टँकमध्ये वाईट मासा एकही नव्हता. मी मात्र प्रत्येकाला तो कसा दिसतो एवढंच बघून उचललं होतं. त्याला काय लागतं, हे विचारलं नव्हतं.

उरलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. दोन्ही गोल्डफिश एका मित्राच्या घरच्या सिमेंटच्या हौदात गेले, अजून आहेत. बार्ब, एंजल आणि सकर दुकानदारानं परत घेतले, पैसे न देता. कुणीतरी सुचवलं, सकर किल्ला तलावात सोडून दे. मनात आलंही होतं. पण बाहेरचे हे सकर आपल्याकडच्या तळ्यांमध्ये वाढून देशी माशांच्या मुळावर उठलेत, हे तोवर वाचलं होतं. मासा घरात ठेवता येत नाही म्हणून तलावात सोडायचा नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

टँक रिकामा झाला. मला वाटलं आजी म्हणेल, बरं झालं पीडा गेली. ती म्हणाली, "आता नवे आणशील तवा निवांत आण. आरं, नवी म्हस आणली की लगेच जुन्या म्हशींच्यात बांधतंय व्हय कोण? चार दिस लांब बांधायची. कसला रोग हाय काय बघायचं. एकमेकींचा वास घेऊ द्यायचा. कोंबडी असली तर रातच्याला खुराड्यात सोडायची. सकाळी उठल्यावर बाकीच्यास्नी वाटतंय, ही हितलीच."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. मासे पाळणारे जाणकार अगदी हेच सांगतात. नवा मासा आधी वेगळ्या भांड्यात ठेवावा, रोग आहे का बघावं, आणि टँकमध्ये सोडताना लाईट बंद करून सोडावा. मी चार रात्री जागून जे वाचलं, ते आजीला गोठ्यात आणि खुराड्यात कळलं होतं.

मग आम्ही दोघं मिळून कामाला लागलो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना विचारून घरच्या नळाचं पाणी ईडीटीए टायट्रेशननं तपासलं. द्रावणाचा दारूसारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे, हे प्रॅक्टिकल आम्ही मार्कांसाठी केलेलं. या वेळी पहिल्यांदा मला उत्तराशी देणंघेणं होतं. नळाचं पाणी मऊ निघालं, आमच्या इमारतीच्या बोअरचं कितीतरी कडक. यावरून निवड सोपी झाली. गप्पी आणि मोली यांना कडक पाणी मानवतं, निऑनला मऊ. छोटीला गप्पी हवे होते. तिला सांगितलं की गप्पीची मादी महिन्या-दीड महिन्याला पिल्लं देते, तेवढी आपण ठेवणार कुठं? ती रुसली. शेवटी येणाऱ्या एका माशाचं नाव ठेवायचा हक्क तिला दिला.

मला स्वतःला एका माशाचा मोह पडला होता. मिस केरळ. चंदेरी अंगावर लाल आणि काळी रेघ. आपल्या पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या ओढ्यांमधला. २०१३ साली त्याच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' हे नाव मिळालं. सह्याद्रीचा मासा आपल्या घरी असावा असं कुणाला वाटणार नाही? पण तो वीतभर वाढतो, घोळक्यानं राहतो, त्याला वाहतं पाणी आणि लांब टँक लागतो. शिवाय निसर्गात तो धोक्यात आलेला आहे. दुकानात काचेसमोर पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. त्या दिवशी मला स्वतःचं बरं वाटलं.

आजी प्रत्येक माशाचा फोटो मोबाईलवर बघायची आणि एकच प्रश्न विचारायची: "ह्यो निजतो कुठं?"

आधी मला हसू आलं. मग बघितलं तर उत्तर प्रत्येकाचं वेगळं. कोरिडोरास तळाशी राहतो, गटानं विसावतो, आणि त्याच्या मिशा नाजूक, म्हणून टोकदार खडे नकोत, वाळू हवी. निऑन मधल्या थरात झाडांच्या आडोशाला. हनी गोरामी वरच्या अंगाला, तरंगत्या पानांखाली. म्हणजे तिघांचे तीन मजले. कुणाची वाट कुणाच्या दारावरून नाही. माझ्या पहिल्या टँकमध्ये लपायला जागा होती ती एक, प्लास्टिकच्या किल्ल्याची. फायटरचा कोपरा म्हणजे नुसती काच होती.

रंगीत खडे काढले. बारीक वाळू धुऊन घातली. जावा फर्न आणि व्हॅलिसनेरिया लावलं. आजीनं नारळाची करवंटी काथ्यानं घासून उकळून दिली, मी तिला कानशीनं एक दार पाडलं. डिसेंबरात बेळगावची थंडी बऱ्यापैकी असते, म्हणून हीटर आणून पाणी पंचवीस अंशांवर ठेवलं. सहा आठवडे टँकमध्ये एकही मासा नव्हता. मी रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचो आणि थेंबांच्या किटनं पाणी तपासायचो. आधी अमोनिया चढला, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर. पाहुणे विचारायचे, "मासे कुठायत?" आजी सांगायची, "यायचेत अजून. घर बांधायलंय."

जानेवारीच्या शेवटी सहा कोरिडोरास आणले. दोन आठवड्यांनी आठ निऑन. त्यातले दोन पहिल्या आठवड्यात गेले, सगळं नीट करूनही. सगळ्यात शेवटी एक हनी गोरामी, कारण जागेवर हक्क सांगणारा शेवटी यावा. छोटीनं त्याचं नाव कुंदा ठेवलं. सगळ्यांना रात्रीच सोडलं, अंधारात, कोंबडीसारखं.

आणि त्याच रात्री ती गोष्ट झाली, जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

मी आजीला सांगत होतो, "आता लाईट रोज नऊला बंद करायचा. माशांना पापण्या नसतात. त्यांना रात्र लागते. आठ-दहा तास उजेड पुरे."

आजी म्हणाली, "बरं झालं. मलाबी निजाय येईल."

ती सहज बोलली. तक्रार नव्हती. मी लाईट बंद करून उभा राहिलो. दिवाळीपासून तो टँक भरला तेव्हा बारा वाजेपर्यंत निळा उजेड तिच्या तोंडावर पडत होता. टँक रिकामा होता तेव्हाही झाडांसाठी म्हणून मी तो उशिरापर्यंत लावलेलाच होता. बाबांच्या बातम्या अकरापर्यंत. माझं पाणी प्यायला जाणं-येणं. सकाळी सहाला दूधवाला. कुणीही आलं की तिनं पाय आवरून घ्यायचे. तिची ट्रंक कॉटखाली, उघडायची म्हटलं तर सगळ्यांसमोर. पहिले मासे पहाटे कोण खातंय हे तिला ठाऊक होतं, कारण ती पहाटे जागी असायची. गेले काही दिवस ती जेवण कमी करत होती आणि "उन्हाळ्यात जातो गावाकडं" म्हणत होती. आम्हाला वाटायचं, आजोबांची आठवण येते. तीही येत असणारच.

आम्ही तिला हॉलमध्ये ठेवलं होतं, करमेल म्हणून. तिचं निजणं कुठं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांशी बोललो. म्हटलं, आजी आणि छोटीला आमची खोली देऊ, मी हॉलमध्ये झोपतो. बाबांना पटेना. "लोक म्हणतील आईला आत नेऊन टाकली. आणि तुझा अभ्यास?" आई म्हणाली, "आत दार आहे. लावलं तर लावता येतं, उघडलं तर उघडता येतं. हॉलला कुठाय?" बाबा गप्प झाले. रविवारी कॉट हलवली. मी आजीला सांगायला गेलो की करवंटीवरून मला कसं सुचलं, तर ती म्हणाली, "मला माशात मोजायलास व्हय रे?" आणि तोंडाला पदर लावून हसली. आजोबा गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

सगळं गोड झालं असं नाही. खोली दिली म्हणून गाव विसरत नाही माणूस. माशांना जसा आपल्यासारख्यांचा घोळका लागतो, तसे तिच्या बोलीचे, तिच्या वयाचे लोक आम्ही कुठून आणणार? अनगोळात तिच्या माहेरची एक मैत्रीण निघाली. तिच्याकडं मी दर शुक्रवारी आजीला गाडीवरून सोडतो. बाकीचे दिवस ती दुपारी टँकसमोर खुर्ची घेऊन बसते. एकदा घाबरून मला कॉलेजात फोन केला, "रातच्याला उठलो तर त्या चमकणाऱ्यांचा रंगच गेलाय!" निऑन अंधारात फिके पडतात, सकाळी रंग परत येतो. दुसऱ्यांदा कोरिडोरास सारखे वर जाऊन हवा घेऊन येतात म्हणून फोन. तेही त्यांचं नेहमीचंच. पण ती बघते म्हणून मला कळतं.

तुम्ही टँक घेणार असाल तर माझ्याकडून एवढंच घ्या. दुकानात जाण्याआधी घरचं पाणी तपासा. प्रत्येक माशाबद्दल पाच प्रश्न विचारा: केवढा होणार, कसलं पाणी लागतं, किती ऊन-थंडी सोसतो, एकटा राहतो की घोळक्यानं, आणि निजतो कुठं. पाचांतलं एक उत्तर जुळलं नाही तरी तो मासा कितीही देखणा असो, दुकानातच राहू द्या. सहा आठवडे थांबायची तयारी नसेल तर काचेचा टँक घेऊ नका, फुलदाणी घ्या.

मे महिन्यात आजी गावी गेली. पावसाआधी कौलं चाळून घ्यायची होती. आम्ही अडवलं नाही. बाबांनी स्वतः खानापूरच्या बसमध्ये बसवून दिलं. गणपतीला येतो म्हणाली आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. आधी विचारते, "पाणी बदललंस काय?" मी सांगतो, बदललं, पाव टँक. मग विचारते, "करवंटीत कोण निजतंय?" मी सांगतो, दोन कोरिडोरास, बाकीचे चार फर्नखाली.

आजीच्या कॉटवर सध्या छोटीची पुस्तकं पसरलेली असतात. ट्रंक मात्र आजीनं नेलेली नाही. ती खोलीतच आहे.

(बी.एस्सी. द्वितीय वर्ष)